लिहिता येते, वाचता येत नाही : मेंदूवरील आघात आणि अक्षरओळख

नाशिकजवळ मुंबई–आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेणी आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेली आहेत. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा सुप्रसिद्ध शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील हा लेख प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. त्यापुढे उभे राहिले असता रेषा दिसतात, वळणे दिसतात, एक आकृती दुसरीहून निराळी आहे हेही कळते. आपली देवनागरी ही याच ब्राह्मीची वंशज. तरीही लिपितज्ज्ञ सोडल्यास त्यातील एक अक्षरही कोणास लागत नाही. डोळे निर्दोष, प्रकाश पुरेसा, बुद्धी शाबूत, आणि वाचन मात्र शून्य!

आता अशी कल्पना करावी की, एके दिवशी सकाळी उठून नित्याप्रमाणे वर्तमानपत्र हाती घेतले आणि त्यातील मराठी मजकूर त्या शिलालेखासारखा दिसू लागला. समोरची मुले ओळखू येतात, भिंतीवरचे घड्याळ ओळखू येते, बोलणे नीट आहे, हातपाय चालतात. केवळ अक्षरे अनोळखी झाली आहेत. हा कविकल्पनेचा खेळ नव्हे. मेंदूच्या विशिष्ट भागास इजा झाली असता हे घडते. आधुनिक वैद्यकात यास ‘अलेक्सिया’ म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही ‘वाचनलोप’ हा शब्द योजीत आहोत. असा रुग्ण प्रथम चष्म्याच्या दुकानात जातो, आणि तेथे समाधान न झाल्यास पुष्कळदा आपल्याकडे येतो. म्हणूनच या विषयाचा परिचय वैद्यबंधू-भगिनींना व औषधविक्रेत्यांना असणे अगत्याचे आहे.

आमच्या हातून झालेली एक चूक

आरंभ आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी पंचवटी भागात राहणाऱ्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आमच्या चिकित्सालयात आल्या. वय साठीच्या पुढे. तक्रार त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितली : “वैद्यराज, कालपासून अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढला असावा.” सोबत आलेल्या सुनेचे म्हणणे असे की, सासूबाई सकाळी नेहमीसारख्याच पोथी वाचीत होत्या, त्यामुळे फारसे काही बिघडले असेल असे वाटत नाही.

आम्ही नेत्रपरीक्षण केले. डोळे लाल नव्हते, स्राव नव्हता, दूरचे व जवळचे दिसत होते. वय, जागरण व उन्हाळा यांचा विचार करून वातपित्तजन्य नेत्रविकार असे निदान केले, त्रिफळा योजिली व तर्पण सुरू केले. पाच दिवस उपचार झाले. गुण आला नाही.

सहाव्या दिवशी आम्ही पथ्य सांगत असता बाईंनी आपल्या पिशवीतून वही काढली व शिक्षिकेच्या वळणदार अक्षरांत ते उतरवून घेतले. पथ्यात एक दुरुस्ती करावयाची म्हणून आम्ही त्यांना तिसरी ओळ वाचण्यास सांगितले. बाई वहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे मीच लिहिलंय ना? पण मला लागत नाही हो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. चाळीस वर्षे मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या त्या माउलीस स्वतःचेच हस्ताक्षर परके झाले होते.

तेव्हा मागील सर्व गोष्टींची संगती लागली. पोथी त्या वाचीत नव्हत्या. ती त्यांस मुखोद्गत होती. पाने उलटत होती व ओठ हलत होते, म्हणून घरच्यांची फसगत झाली. पहिल्या दिवशी खोलीत येताना त्यांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीस आपटला होता. आम्ही ते पाहिले आणि सोडून दिले. आमच्याच नोंदवहीत पहिल्या दिवशी ‘नाडी विषम’ असे लिहिलेले होते. त्याचाही अर्थ आम्ही लावला नाही. त्याच दिवशी त्यांस तपासणीसाठी पाठविले. डाव्या मेंदूच्या मागील भागाचा रक्तपुरवठा बंद होऊन तो भाग बाधित झाल्याचे चित्रणात आढळले. हृदयाचा ठेकाही अनियमित निघाला. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी मेंदूकडे गेली असावी, असे तेथील तज्ज्ञांनी सांगितले.

बाई आमच्याकडे दुसऱ्या दिवशी आल्या होत्या, म्हणजे गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची वेळ तेव्हाच टळून गेली होती. तथापि दुसरा झटका टाळण्याचे उपचार पाच दिवस आधी सुरू होऊ शकले असते. त्या पाच दिवसांत दुसरी गुठळी सुटली नाही हे बाईंचे भाग्य. आमचे कौशल्य नव्हे.

पॅरिसमधील एक जुनी नोंद

या व्याधीचे जे वर्णन वैद्यकाच्या इतिहासात मूलभूत मानले जाते, तेही अशाच एका रुग्णाचे आहे. जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ अशा अर्थाची संज्ञा रूढ केली होती. त्यानंतर दहा वर्षांनी, १८८७ च्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिसमधील एका सुशिक्षित, निवृत्त व्यापाऱ्यास एकाएकी वाचता येईनासे झाले. वैद्यकीय साहित्यात ते ‘मस्य सी.’ या नावाने ओळखले जातात. त्यांचीही पहिली समजूत चष्मा बदलावा लागेल अशीच होती आणि तेही प्रथम नेत्रतज्ज्ञाकडेच गेले. त्या नेत्रतज्ज्ञाने, लांडोल्ट यांनी, दोष डोळ्यांत नाही हे ओळखून त्यांस मज्जातंतुतज्ज्ञ ज्यूल देजेरिन यांच्याकडे पाठविले. हे त्या नेत्रतज्ज्ञाचे मोठेपण आपण ध्यानी घ्यावे.

देजेरिन यांनी जे पाहिले ते विलक्षण होते. रुग्ण उत्तम बोलत असे. वस्तू व माणसे ओळखत असे. सांगितलेला मजकूर बिनचूक लिहीत असे, पण लिहिलेले परत वाचू शकत नसे. आकडे मात्र वाचता येत व हिशोबही करता येत. अक्षरांचे आकार त्यास दिसत. कोणते अक्षर घोडीसारखे, कोणते सापासारखे, असे तो वर्णन करी, परंतु अक्षराचे नाव सांगता येत नसे. अक्षरावरून बोट फिरविले की कधी कधी ते ओळखू येई. दृष्टिक्षेत्राचा उजवा अर्धा भाग त्यास नीट दिसत नव्हता.

१८९२ च्या जानेवारीत या गृहस्थांस दुसरा झटका आला. या वेळी लेखनही गेले, आणि थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला. शवविच्छेदनात दोन निरनिराळ्या इजा आढळल्या. जुनी इजा डाव्या मेंदूच्या मागील भागात व दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतुसेतूच्या मागच्या टोकाशी होती. नवी इजा त्याहून पुढे व वर, डाव्या पार्श्वखंडाच्या खालच्या भागात होती. पहिलीने वाचन नेले, दुसरीने लेखन. वाचन व लेखन ही एकाच कौशल्याची दोन नावे नसून मेंदूत त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, हे यावरून स्पष्ट झाले.

असे का होते?

उजव्या बाजूचे दृश्य डाव्या मेंदूच्या मागील भागात उमटते व डाव्या बाजूचे उजव्या मेंदूत. बहुसंख्य माणसांत भाषेची केंद्रे डाव्या मेंदूत असतात. डावा मागील भाग निकामी झाला की उजवीकडचे दृश्य नाहीसे होते. डावीकडचे दृश्य उजव्या मेंदूत उमटते खरे, पण ते भाषेच्या केंद्रापर्यंत पोहोचण्यास मधला तंतुसेतू ओलांडावा लागतो. तो सेतूही तुटला असेल तर अक्षराचे चित्र पैलतीरीच राहते. चित्र आहे, भाषा आहे. दोहोंची गाठ पडत नाही. लेखनासाठी मात्र भाषेच्या केंद्राकडून हाताकडे जाणारी वाट लागते. ती शाबूत असल्याने हात लिहितो.

डाव्या मेंदूच्या तळाशी, मागील बाजूस एक लहानसा भाग वाचता येणाऱ्या माणसांत लिखित शब्दांना विशेष प्रतिसाद देतो. फ्रान्समधील लोरां कोएन व स्तानिस्लास देआन यांनी २००० च्या सुमारास याचे सविस्तर विवेचन केले. २००६ मध्ये एका रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. अपस्मारासाठी त्याच्या मेंदूच्या नेमक्या याच परिसरात शस्त्रक्रिया करावी लागली होती. शस्त्रक्रियेपूर्वी त्याचे वाचन उत्तम होते. नंतर ते अत्यंत मंदावले. वस्तू व चेहरे ओळखण्याची शक्ती मात्र टिकून राहिली.

लेखनकला मानवास अवगत होऊन सुमारे ५,००० वर्षेच झाली. इतक्या अल्पकाळात वाचनासाठी मेंदूत नवे इंद्रिय निर्माण होणे शक्य नाही. निसर्गाने आकार ओळखण्यासाठी दिलेला भागच बालपणी पाटीवर गिरवून गिरवून आपण अक्षरांच्या कामास जुंपतो. जे शिकून मिळविले, ते इजेने जाऊ शकते. आणि पुन्हा शिकून काही अंशी परतही येऊ शकते.

वाचनलोपाचे प्रकार

व्यवहारात पुढील चार प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला, शुद्ध वाचनलोप. वर वर्णिलेल्या दोन्ही रुग्णांचा प्रकार हाच. लेखन शाबूत, वाचन गेलेले. काही काळाने असा रुग्ण एकेक अक्षर ओळखून शब्द जुळवू लागतो; जितका शब्द लांब तितका वेळ अधिक.

दुसरा, लेखनलोपासहित वाचनलोप. डाव्या पार्श्वखंडाच्या खालच्या भागातील इजेने हा होतो. यात लेखन, वाचन व पुष्कळदा हिशोब ही तिन्ही बिघडतात. अशा रुग्णास शब्दातील अक्षरे तोंडी फोडून सांगितली तरी तो शब्द जुळवू शकत नाही.

तिसरा, वाचाविकृतीसह येणारा. उजव्या अंगाचा पक्षाघात व बोलण्यातील अडखळ यांसह तो दिसतो. यातील काही रुग्ण शब्द न वाचता त्याच्या अर्थाजवळचा दुसराच शब्द उच्चारतात. ‘मूग’ लिहिले असता ‘मटकी’ म्हणावे, त्यासारखे. मार्शल व न्यूकूम्ब या संशोधकांनी १९६६ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केल्यापासून हा प्रकार अभ्यासकांच्या परिचयाचा झाला.

चौथा, एका बाजूच्या दुर्लक्षामुळे होणारा. उजव्या पार्श्वखंडाच्या इजेत रुग्णाचे डाव्या बाजूकडे अवधानच राहत नाही. ताटातील डावीकडची भाजी तशीच राहते आणि शब्दातील डावीकडची अक्षरे गळतात. आपल्या व्यवसायात याचा अर्थ काय होतो पाहा : ‘अपथ्य’ या शब्दाचे पहिले अक्षर गळले की उरते ‘पथ्य’! आपण दिलेल्या पत्रकातील वर्ज्य पदार्थांची यादी असा रुग्ण सेवन करावयाच्या पदार्थांची यादी म्हणून वाचू शकेल.

याखेरीज दुचाकीवरील अपघात, शिडीवरून किंवा झाडावरून पडणे अशा कारणांनी डोक्यास मार बसलेल्या रुग्णांचा निराळा विचार करावा. त्यांच्यात अक्षरओळख बहुधा टिकते, पण ओळ संपेपर्यंत आरंभ विसरतो, अवधान टिकत नाही, दोन्ही डोळे जवळच्या मजकुरावर एकत्र स्थिर होत नाहीत, थोड्या वाचनाने डोके दुखते. विद्यार्थ्याच्या बाबतीत घरचे लोक यास आळस समजतात. तो आळस नव्हे.

देवनागरीचे वेगळेपण

आपली लिपी अक्षरप्रधान आहे. व्यंजनाच्या वर, खाली, पुढे व मागे मात्रा येतात. ‘कि’ लिहिताना इकार आधी येतो व उच्चारात नंतर. जोडाक्षरांत दोन-तीन व्यंजने एकमेकांत मिसळतात. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील नंदिनी सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरी वाचनाचा मेंदूचित्रणाद्वारे अभ्यास करून तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. रोमन लिपी वाचताना डाव्या मेंदूतील जे भाग कार्य करतात त्यांच्या जोडीस, देवनागरीसाठी स्थान व मांडणी जाणणारे उजव्या मेंदूतील भागही कामास येतात, असे त्यांना आढळले.

म्हणून रुग्ण तपासताना केवळ ‘कमळ’, ‘घर’ असे सरळ शब्द देऊन थांबू नये. ‘घ–ध’, ‘भ–म’, ‘ब–व’, ‘थ–य’ अशा जवळच्या आकारांच्या जोड्या, मात्रांचे शब्द व जोडाक्षरे अवश्य द्यावीत. इंग्रजी येत असल्यास तेही वाचून घ्यावे. दोन लिप्यांची हानी सारखीच होईल असे नाही. जपानमध्ये तर एकाच भाषेच्या दोन लिप्यांपैकी एक अधिक बिघडलेली व दुसरी कमी, असे रुग्ण नोंदविले गेले आहेत.

शास्त्राच्या परिभाषेत

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात इंद्रियोपक्रमणीय अध्यायात पाच इंद्रिये, त्यांची द्रव्ये, अधिष्ठाने, विषय व इंद्रियबुद्धी असे पंचपंचक सांगितले आहे. नेत्र हे अधिष्ठान, चक्षुर्बुद्धी निराळी. भेलसंहितेत आलोचक पित्ताचे चक्षुर्वैशेषिक व बुद्धिवैशेषिक असे दोन भेद केले आहेत. पाहणे एक आणि पाहिलेल्याचा बोध होणे दुसरे, हा भेद आपल्या आचार्यांना मान्य होता. सिद्धिस्थानातील त्रिमर्मीय अध्यायात हृदय व बस्ती यांच्यासह शिर हे प्रधान मर्म मानले आहे.

यावरून प्राचीनांना वाचनलोप ज्ञात होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ग्रंथांत नसलेले ग्रंथांवर लादणे हा ग्रंथांचा सन्मान नव्हे. परंतु अधिष्ठान निर्दोष असता बुद्धीचा दोष शोधावा, ही दृष्टी शास्त्राने आपल्याला दिलेली आहे. आम्ही ती वापरली असती तर बाईंचे पाच दिवस वाया गेले नसते.

चिकित्सालयात पाच मिनिटांची परीक्षा

‘अक्षरे दिसतात पण लागत नाहीत’ ही तक्रार येताच सर्वप्रथम दोन प्रश्न विचारावेत : हे एकाएकी झाले का? आणि केव्हा झाले? मोतीबिंदू महिनोन्‌महिने वाढतो. मेंदूचा झटका क्षणात येतो. रुग्णास पूर्वी कितपत वाचता येत होते, हेही घरच्यांकडून जाणून घ्यावे. त्यानंतर पुढील क्रम ठेवावा.

१. रुग्णाकडून त्याचे नाव व एक साधे वाक्य लिहून घ्यावे. कागद बाजूला ठेवावा. दोन-तीन मिनिटे इतर बोलणे करून तोच कागद वाचण्यास द्यावा. पाठ असलेली पोथी, आरती किंवा स्तोत्र परीक्षेसाठी कधीही वापरू नये.

२. सुटी अक्षरे, लहान शब्द, लांब शब्द व आकडे क्रमाने दाखवावेत.

३. किल्ली, घड्याळ, चमचा ओळखण्यास सांगावे. खिशातील नोट दाखवावी. नाशिकरोडच्या मुद्रणालयातून निघणारी नोट आकाराने व चित्राने पटकन ओळखणारा रुग्ण तीवरचा मजकूर वाचू शकत नसेल, तर दोष नजरेचा नव्हे हे उघड आहे.

४. डोळे मिटवून तळहातावर बोटाने अक्षर गिरवावे. पाहून न ओळखलेले अक्षर स्पर्शाने ओळखले गेल्यास शुद्ध वाचनलोपाची शंका बळावते.

५. समोर बसून, रुग्णास आपल्या नाकाकडे पाहण्यास सांगून, दोन्ही बाजूंस बोटे हलवावीत. एका बाजूची बोटे दिसत नसल्यास तो दृष्टिक्षेत्राचा दोष होय.

६. रक्तदाब मोजावा, साखर पाहावी, आणि नाडी पूर्ण एक मिनिट पाहावी. नाडीपरीक्षा हा आपला वारसा आहे. अनियमित नाडी हाती लागली तर ती केवळ नोंदवून ठेवू नये. तिचा पाठपुरावा करावा.

झटका नुकताच आला असेल तर ही परीक्षाही आटोपती घ्यावी. गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही चित्रणाने रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. एकाएकी वाचन जाणे, अर्धे दिसेनासे होणे, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा अडखळणे यांपैकी काहीही झाले असता चित्रणाची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. डोक्यास मार लागलेल्या किंवा नव्याने झटका आलेल्या रुग्णास रक्तस्राव नाही हे ठरेपर्यंत नस्य, शिरोबस्ती, शिरोभ्यंग यांपैकी काहीही करू नये.

तातडीचा काळ सरल्यानंतर आपले कार्य आहेच. पक्षाघाताची चिकित्सा, निद्रा, कोष्ठशुद्धी, रक्तदाब व प्रमेह यांचे नियंत्रण आणि मनोबल यांत वैद्याचा सहभाग मोलाचा ठरतो. मंडूकपर्णी, यष्टिमधू, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने सारासार विचार करून योजता येतील. परंतु त्यांनी गेलेले वाचन परत येते असे आश्वासन रुग्णास देऊ नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असलेल्या रुग्णास ती बंद करण्याचा सल्ला देऊ नये, आणि गुग्गुळाचे किंवा लसणाचे कल्प संबंधित तज्ज्ञाशी बोलल्यावाचून जोडू नयेत.

पुन्हा श्रीगणेशा

वाचन परत येण्यासाठी मुख्य साधन म्हणजे अभ्यास. अक्षर बोटाने गिरवून ओळखणे, तोच छोटा उतारा दररोज अनेकदा मोठ्याने वाचणे, ओळींत व शब्दांत अंतर ठेवून मोठ्या टाइपात मजकूर देणे या रीती उपयोगी पडतात. उजवी बाजू दिसत नसेल तर ओळीच्या उजव्या टोकापर्यंत नजर मुद्दाम नेण्याचा सराव करावा. डाव्या बाजूचे अवधान नसेल तर पानाच्या डाव्या कडेस जाड लाल रेघ ओढून ‘रेघ दिसल्यावर वाचावयास आरंभ करा’ असे शिकवावे. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाल्यास उत्तम. दृष्टिक्षेत्र अर्धे गेलेल्याने वाहन चालवू नये, हेही स्पष्ट सांगावे.

कॅनडातील रहस्यकथालेखक हॉवर्ड एंगेल यांना २००१ मध्ये असाच झटका आला. सकाळचे वर्तमानपत्र त्यांना परक्या लिपीत छापल्यासारखे दिसले. लिहिता येत होते, वाचता येत नव्हते. पुढे ते जिभेच्या टोकाने दातांवर अक्षराचा आकार गिरवून वाचू लागले, आणि २००५ मध्ये त्यांनी नवी कादंबरीही प्रसिद्ध केली. प्रौढ मेंदूही शिकतो याचा दाखला आपल्या देशातही आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचन शिकविले असता त्यांच्या मेंदूच्या खोलवरच्या भागांच्या परस्परसंबंधांतही बदल दिसून आले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते मेंदू निरोगी होते, हे खरे. तरी शिकण्याचे दार वयाने बंद होत नाही एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

औषधविक्रेत्यांस विनंती

आपल्या दुकानातील बहुतेक सर्व सूचना अक्षरांत असतात. ‘अनुसूची ई-१’ मधील द्रव्ये असलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे नियमाने बंधनकारक आहे. परंतु ज्यास अक्षरच लागत नाही त्यास त्या सूचनेचा काय उपयोग? विषगर्भ तेलाची बाटली व एखाद्या आसवाची बाटली शेजारी ठेवून पाहावी. आकार सारखा, झाकण सारखे. भेद तो केवळ चिठ्ठीवरील अक्षरांचा.

म्हणून पक्षाघाताच्या अथवा डोक्याच्या दुखापतीच्या रुग्णासाठी औषध देताना काही साध्या गोष्टी कराव्यात. सकाळच्या औषधावर सूर्य व रात्रीच्या औषधावर चंद्र काढावा. मात्रा आकड्यांत लिहावी, कारण आकडे पुष्कळदा शाबूत राहतात. तथापि ते वाचता येतात याची खात्री करून घ्यावी. केवळ रंगावर विसंबू नये, कारण यातील काही रुग्णांना रंगांची नावेही सांगता येत नाहीत. बाटलीस एक रबरी कडे म्हणजे सकाळ, दोन म्हणजे रात्र, अशी स्पर्शाची खूण अधिक विश्वसनीय. बाह्योपयोगाची तेले निराळ्या आकाराच्या बाटलीत द्यावीत व ती पोटातील औषधांपासून दूर ठेवण्यास घरच्यांस सांगावे. छापील मजकूर मराठीत वाचून दाखविण्याची सोय आता भ्रमणध्वनीत उपलब्ध आहे. ती रुग्णाच्या मुलांना दाखवून द्यावी.

आणि नेहमीचे गिऱ्हाईक एके दिवशी स्वतःच्याच यादीकडे पाहत थबकले, ‘काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा’ असे म्हणाले, तर थट्टा न करता विचारावे : ‘हे कधीपासून?’ कदाचित त्या दिवशी हा प्रश्न विचारणारे आपण पहिलेच असाल.

उपसंहार

आमच्या बाईंविषयी वाचकांस उत्सुकता असेल. त्यांच्या सूनबाईंनी घरी पाटी आणली. बाई रोज सकाळी नातवासोबत बसून गिरवू लागल्या. नातू शिकत होता, आजी पुन्हा शिकत होती. काही महिन्यांनी त्या एकेक अक्षर जुळवून वर्तमानपत्राचे मथळे वाचू लागल्या. पूर्वीचा वेग आला नाही. लांब जोडाक्षर आले की त्या आजही मांडीवर बोटाने ते काढून पाहतात, मग उच्चारतात.

पथ्य लिहून घेतलेले ते पान त्यांनी पुढे आमच्यासमोर सावकाश वाचून दाखविले. त्यातील तिसऱ्या ओळीची राहून गेलेली दुरुस्ती त्यांनी तेव्हा आपल्या हाताने केली. आमच्या टेबलावर आता नेत्रपरीक्षणाच्या साधनांशेजारी एक कोरी वही व पेन्सिल कायम असते. आपणही ती ठेवावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती.